एक क्यूजीआयएस, तीन मालक: भूगोल प्रयोगशाळेतल्या प्लगइनचं प्रकरण

मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागात क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरची मांडणी पुन्हा पुन्हा बदलावी लागली. दर बदलाने आधीची तक्रार मिटायची आणि नवी उभी राहायची. आज चालू असलेली मांडणी ठरवताना मी विभागासोबत होतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. एका खोलीत वीसेक मशीन, प्रत्येकावर तेच सॉफ्टवेअर आणि मशीनवर बसणारी माणसं मात्र रोज वेगळी, अशी व्यवस्था ज्यांच्याकडे आहे त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

प्रयोगशाळेतल्या सगळ्या मशीनवर विंडोज १० होतं आणि क्यूजीआयएसची ३.२८ ही दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती. विद्यार्थ्यांचं मुख्य काम लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांवरचं. पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर उन्हाळ्याच्या शेवटी किती पसरलेला असतो आणि पावसाळ्यानंतर किती, हे ३० मीटरच्या पिक्सेलवरून काढायचं, हे दरवर्षीचं ठरलेलं प्रात्यक्षिक. त्यासाठी सेमी-ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन हे प्लगइन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, लागतं. विभागात त्याला सगळे एससीपी म्हणतात. त्याशिवाय पार्श्वभूमीचे नकाशे आणण्यासाठी क्विकमॅपसर्व्हिसेस, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची माहिती उतरवण्यासाठी क्विकओएसएम, आणि विभागातल्याच एका प्राध्यापकांनी लिहिलेलं, गावांचे जनगणना क्रमांक तपासणारं छोटंसं प्लगइन.

सुरुवात: सगळ्यांचं एकच लॉगिन

सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या माणसाने टाकलं आणि प्रत्येक मशीनवर 'स्टुडंट' नावाचं एकच लॉगिन करून दिलं. पासवर्ड फळ्यावर लिहिलेला असायचा.

इथे क्यूजीआयएस आपलं सामान कुठे ठेवतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मूळ प्रोग्राम जातो प्रोग्राम फाइल्समध्ये, आवृत्तीचा आकडा नावात असलेल्या फोल्डरात. वापरणाऱ्याचं सगळं जातं त्याच्या लॉगिनखालच्या प्रोफाइलमध्ये: ॲपडेटा हे लपवलेलं फोल्डर, त्यात रोमिंग, त्यात क्यूजीआयएस, मग क्यूजीआयएस३, मग प्रोफाइल्स, आणि शेवटी डिफॉल्ट. हा पत्ता पाठ करायची गरज नाही. सेटिंग्ज मेनूतल्या यूजर प्रोफाइल्समध्ये चालू प्रोफाइलचं फोल्डर उघडण्याचा पर्याय आहे, तो थेट तिथे नेऊन सोडतो. आत पायथन या फोल्डरात प्लगइन, प्रोसेसिंगमध्ये स्वतः बनवलेली मॉडेल आणि स्क्रिप्ट, एका एसक्यूलाइट फाइलमध्ये (हा एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) जपून ठेवलेल्या रंगसंगती आणि चिन्हं, दुसऱ्या फाइलमध्ये कुलूपबंद पासवर्ड, आणि एका साध्या मजकुराच्या आयएनआय फाइलमध्ये बाकी सगळ्या सेटिंग: कुठली टूलबार दिसते, कुठलं प्लगइन चालू आहे, कुठल्या डेटाबेसशी जोडणी आहे.

दुसऱ्या आवृत्तीपर्यंत विंडोजवर यातल्या बऱ्याच सेटिंग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगच्या साठ्यात, विखुरलेल्या असत. फेब्रुवारी २०१८ मध्ये ३.० आली आणि प्रोफाइल ही कल्पना रुजली. माझ्या मते प्रयोगशाळांच्या दृष्टीने ३.० मधला हा सगळ्यात मोठा बदल होता, कारण माणसाचं सामान एका जागी असलं तरच ते उचलून दुसरीकडे नेता येतं.

आता लॉगिन एकच म्हणजे प्रोफाइलही एकच. सकाळच्या तुकडीतल्या कोणी लेयर्स पॅनल बंद केलं की दुपारच्या तुकडीला ते दिसायचं नाही. कोणी एखादं प्लगइन काढून टाकलं की ते सगळ्यांचंच गेलं. ही कटकट झाली, पण त्याहून गंभीर गोष्ट नंतर दिसली. पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीने पोस्टजीआयएस या नकाशांची माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसची जोडणी करताना पासवर्ड जतन करा या खुणेवर टिक केली होती. क्यूजीआयएस तेव्हा इशारा देतं की हा पासवर्ड साध्या मजकुरात राहील, आणि तो खरंच आयएनआय फाइलमध्ये जसाच्या तसा राहतो. त्या मशीनवर बसणारा कोणीही नोटपॅडमध्ये ती फाइल उघडून तो वाचू शकत होता. तिच्या संशोधनाचा सगळा डेटा त्या जोडणीच्या पलीकडे होता. एकच लॉगिन ठेवणं ही सोय नसून हलगर्जी आहे असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

आणखी एक बिघाड यावर कडी करणारा निघाला. एका विद्यार्थ्याने कुठल्यातरी व्हिडिओत बघून ओएसजीओ-फोर-डब्ल्यू शेल, म्हणजे क्यूजीआयएससोबत येणारी आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं. क्यूजीआयएसची प्लगइन पायथन या भाषेत लिहिलेली असतात, आणि पिप हे त्या भाषेच्या लायब्ररी टाकणारं साधन. ते वापरून त्याने नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली. प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायची परवानगी नसल्यामुळे पिपने ती आपणहून वापरणाऱ्याच्या खात्यात टाकली. ही जागा क्यूजीआयएसच्या प्रोफाइलमध्ये नसते. ती असते रोमिंगखालच्या पायथन नावाच्या स्वतंत्र फोल्डरात, आणि त्या पायथनचा उपयोग करणारं जे जे काही त्या लॉगिनमध्ये चालतं ते सगळं आधी तिथे बघतं. क्यूजीआयएसमधल्या भूसांख्यिकीच्या लायब्ररी जुन्या नम्पायवर बांधलेल्या होत्या. त्या फुटल्या आणि विश्लेषणाची साधनं असलेली प्रोसेसिंगची पेटीच उघडेना.

सगळे सांगतात तो उपाय विभागाने केला: नवीन प्रोफाइल बनवली. फरक पडला नाही. क्यूजीआयएस काढून पुन्हा टाकलं, तरी फरक पडला नाही, कारण नवीन इन्स्टॉलेशन रोमिंगखालच्या त्या पायथन फोल्डराला हात लावत नाही. ते फोल्डर हटवल्यावर दोन मिनिटांत सगळं सुरळीत झालं. नव्या कोऱ्या प्रोफाइलमध्येही बिघाड तसाच राहत असेल तर आधी ही जागा तपासावी.

दुसरा टप्पा: सगळंच पुसून टाकायचं

या प्रकाराला वैतागून महाविद्यालयाच्या संगणक विभागाने मशीनवर रीस्टार्टला सी ड्राइव्ह मूळ अवस्थेत आणणारं सॉफ्टवेअर बसवलं. बिघाड एका रात्रीत थांबले. त्यांच्याकडच्या तक्रारी बंद झाल्या म्हणून तो विभाग खूश होता, आणि त्यांच्या जागेवरून बघितलं तर ते समजण्यासारखं आहे.

भूगोल विभागात मात्र रोजची सकाळ प्लगइन उतरवण्यात जायला लागली. वीस मशीन, एकच इंटरनेटची लाइन, आणि तासाची पहिली काही मिनिटं प्रत्येकजण तेच प्लगइन पुन्हा उतरवतोय. त्याहून वाईट म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेली मॉडेल जायला लागली. प्रतिमेतून पाणी वेगळं काढायचं, तुकडे जोडायचे, क्षेत्रफळ मोजायचं अशी पायऱ्यांची साखळी एखाद्या मुलाने आठवडाभर बसून रचलेली असते. प्रकल्पाची फाइल त्याने पेनड्राइव्हवर नेली, पण मॉडेल प्रोफाइलमध्ये जतन झालं होतं आणि प्रोफाइल सी ड्राइव्हवर होती. मॉडेल प्रोफाइलमध्ये जातं हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

तिसरा टप्पा: सर्व्हरवरचं सामाईक फोल्डर

मग विभागातल्या प्राध्यापकांना एक चांगला मार्ग सापडला. क्यूजीआयएस सुरू होताना क्यूजीआयएस-प्लगइनपाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे विंडोजमध्ये नाव देऊन ठेवलेलं मूल्य, वाचतं (लिहिताना सगळी कॅपिटल अक्षरं आणि जोडरेघेच्या जागी अंडरस्कोर). त्यात दिलेल्या फोल्डरातली प्लगइनही ते उचलतं. विंडोजवर एकाहून जास्त फोल्डर द्यायची असतील तर मध्ये अर्धविराम. विभागाने सर्व्हरवर पी ड्राइव्ह केला, त्यात लागणारी सगळी प्लगइन ठेवली, विद्यार्थ्यांना फक्त वाचायची परवानगी दिली आणि हे व्हेरिएबल सगळ्या मशीनवर लावलं. सकाळचं उतरवणं संपलं.

सत्राच्या मध्यावर एक विद्यार्थिनी प्रयोगशाळा सहायकांकडे आली.

"सर, एससीपी अपग्रेड होत नाहीये. अपग्रेड दाबलं की झालं म्हणतं. बंद करून उघडलं की परत अपग्रेड करा म्हणतं."

"इंटरनेट गेलं असेल मध्येच."

"नाही सर, माझ्या फोल्डरात नवीन आलेलं दिसतंय. मी बघितलं."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिच्या प्रोफाइलमधल्या प्लगइनच्या फोल्डरात एससीपीची आठवी आवृत्ती व्यवस्थित उतरली होती. मेटाडेटाच्या फाइलमध्येही ८ असंच लिहिलेलं. तरी मेनूतून उघडत होती सातवीच.

याचं उत्तर मिळालं ते क्यूजीआयएसच्या पायथन कन्सोलमध्ये, म्हणजे पायथनच्या आज्ञा थेट चालवायच्या खिडकीत. प्लगइन तिथे इम्पोर्ट करायचं आणि ते कुठल्या फाइलवरून आलं ते छापायला सांगायचं. छापून आलेला पत्ता पी ड्राइव्हवरचा होता. त्याच कन्सोलमध्ये पायथनची शोधयादी छापली की सगळं उलगडतं. क्यूजीआयएस प्लगइन शोधताना सगळ्यात आधी व्हेरिएबलमध्ये दिलेली फोल्डर बघतं, मग वापरणाऱ्याची प्रोफाइल, आणि सर्वांत शेवटी प्रोग्रामसोबत आलेली. एकाच नावाचं प्लगइन दोन ठिकाणी असेल तर आधी सापडलेलं चालतं. प्लगइन मॅनेजर मात्र नवीन प्रत नेहमी प्रोफाइलमध्येच टाकतो. म्हणजे मुलगी नवीन प्रत आणत होती, ती नीट बसतही होती, आणि पी ड्राइव्हवरची जुनी प्रत दरवेळी तिच्या पुढे उभी राहत होती.

बहुतेकांची समजूत उलटी असते. सामाईक म्हणजे मूळ आणि वैयक्तिक म्हणजे त्यावरचं, त्यामुळे वैयक्तिक जिंकणार, असं आपण गृहीत धरतो. प्रोग्रामसोबत आलेल्या प्लगइनच्या बाबतीत ते खरंही आहे: प्रोफाइलमधली प्रत त्यांच्यावर मात करते. व्हेरिएबलमधून दिलेल्या फोल्डराला मात्र सर्वोच्च मान आहे. हा क्रम चुकीचा नाही. एखाद्या संस्थेला आपल्याकडे अमुक आवृत्तीच चालली पाहिजे असा आग्रह धरायचा असेल तर तिला असंच काहीतरी हवं. विभागाने आग्रहासाठी बनलेली जागा सोयीसाठी वापरली, एवढाच घोळ.

मग सामाईक प्लगइन प्रोग्राम फाइल्समध्येच का टाकू नयेत, असा प्रश्न बैठकीत आला. तिथे ठेवली तर क्रम हवा तसा मिळतो, हे खरं. पण नवीन आवृत्ती वेगळ्या नावाच्या फोल्डरात बसते आणि जुन्यात घातलेली भर जुन्यातच राहते. वर्षभराने कोणाला आठवणार की तिथे कोणी काय टाकलं होतं?

आज चालू असलेली मांडणी

ठरवताना आम्ही प्रत्येक फाइलला एकच प्रश्न विचारला: ही कोणाची? संस्थेची, विभागाची की विद्यार्थ्याची? मालक ठरला की जागा आणि लिहिण्याची परवानगी आपोआप ठरत गेली.

संस्थेचा प्रोग्राम जिथे होता तिथेच राहिला, सी ड्राइव्हवर, रीस्टार्टला पुसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संरक्षणाखाली. एससीपीच्या आठव्या आवृत्तीला रेमोटिओर सेन्सस ही पायथन लायब्ररी लागते. ती ॲडमिनने एकदाच, सगळ्यांसाठी, प्रोग्रामच्या पायथनमध्ये टाकली. विद्यार्थ्याच्या खात्यातल्या पायथन पॅकेजकडे बघायचंच नाही असं सांगणारं पायथनचं व्हेरिएबलही मशीनवर लावलं. मला हे थोडं कडक वाटतं, कारण संशोधक विद्यार्थ्याला कधी वेगळी लायब्ररी लागू शकते. पण नम्पायचं प्रकरण ताजं असल्यामुळे विभाग यावर हटला नाही. संशोधकांच्या दोन मशीन त्यातून वगळल्या.

पी ड्राइव्हवर आता फक्त दोन प्लगइन आहेत: विभागाचं स्वतःचं जनगणना क्रमांकाचं, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत सगळ्यांकडे नेमकं सारखंच असायला हवं असं एक. फोल्डराच्या नावात क्यूजीआयएसची आवृत्ती आहे. दुसरीकडून तिसऱ्या आवृत्तीत जाताना पायथन बदललं आणि जुनी प्लगइन चालेनाशी झाली होती, तसं पुन्हा झालं तर दोन फोल्डर शेजारी शेजारी ठेवता येतील. एक बारीक गोष्ट इथे लक्षात आली. पायथन पहिल्यांदा वाचलेल्या फाइलचं रूपांतर करून शेजारीच ठेवतं आणि पुढच्या वेळी ते वापरतं. फोल्डरात लिहायची परवानगी नसेल तर ते ठेवता येत नाही, तक्रारही येत नाही. दर वेळी सगळं नव्याने वाचलं जातं आणि सुरू व्हायला वेळ लागतो. म्हणून नवीन प्लगइन ठेवलं की सहायक आपल्या लिहायच्या परवानगीच्या खात्यातून क्यूजीआयएस एकदा उघडतात. रूपांतरित फाइल तयार होतात आणि मग सगळ्यांना मिळतात.

एससीपी, क्विकमॅपसर्व्हिसेस, क्विकओएसएम ही नेहमीची प्लगइन विद्यार्थ्याच्या मालकीची ठरली. प्रत्येकाला वेगळं लॉगिन मिळालं. सर्व्हरवर एक नमुना प्रोफाइल आहे, त्यात ही प्लगइन आधीच घातलेली. लॉगिनच्या वेळी चालणारी छोटी बॅच फाइल बघते की डी ड्राइव्हवर या विद्यार्थ्याचं फोल्डर आहे का. नसेल तर सर्व्हरवर त्याची जपलेली प्रत शोधते. तीही नसेल तर नमुना आणून ठेवते. लॉगआउटला डी ड्राइव्हवरचं पुन्हा सर्व्हरवर जातं. त्यानंतर कोणी काय अपग्रेड करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

प्रोफाइल थेट सर्व्हरवर ठेवून तिथूनच का चालवली नाही? प्रोफाइलमध्ये एसक्यूलाइटच्या फाइल आहेत, आणि नेटवर्कवरून उघडलेल्या एसक्यूलाइटच्या कुलपांवर (एका वेळी दोघांनी लिहू नये म्हणून असलेल्या) भरवसा ठेवू नये असं त्या डेटाबेसचे कर्तेच सांगतात. एकच विद्यार्थी दोन मशीनवर लॉगिन करून बसला तर चिन्हांची फाइल बिघडायला वेळ लागणार नाही. आणून वापरायचं आणि परत ठेवायचं, हे ग्रंथालयाच्या पुस्तकासारखं थोडं कष्टाचं पण सुरक्षित आहे.

क्यूजीआयएसला ही डी ड्राइव्हवरची जागा कशी कळते, यावर चर्चा बरीच झाली. पहिला विचार शॉर्टकटचा होता: सुरू करताना प्रोफाइल्स-पाथ हा पर्याय द्यायचा. चाचणीत तो छान चालला. मग एका मुलाने सवयीप्रमाणे प्रकल्पाच्या फाइलवर डबल-क्लिक केलं आणि त्याची सगळी प्लगइन गायब. डबल-क्लिक शॉर्टकटला विचारत नाही, थेट प्रोग्राम उघडतो, आणि प्रोग्राम सी ड्राइव्हवरच्या नेहमीच्या प्रोफाइलकडे जातो. त्यामुळे शॉर्टकट सोडून क्यूजीआयएस-कस्टम-कॉन्फिग-पाथ हे व्हेरिएबल लॉगिनलाच लावलं. आता कुठूनही उघडा, जागा एकच. दिलेल्या पत्त्याखाली क्यूजीआयएस स्वतःच प्रोफाइल्स नावाचं फोल्डर करतं, हे नमुना ठेवताना ध्यानात घ्यावं लागतं. नाहीतर नमुना एका पायरीने वर राहतो आणि क्यूजीआयएस शेजारी कोरी प्रोफाइल बनवून मोकळं होतं.

उरल्या विभागाच्या सामाईक सेटिंग. क्यूजीआयएसकडे त्यासाठी ग्लोबल सेटिंगची वेगळी आयएनआय फाइल असते. प्रोग्रामसोबत आलेल्या फाइलची प्रत सर्व्हरवर काढून तिच्या शेवटी विभागाने आपल्या नोंदी जोडल्या: कुठली प्लगइन सुरुवातीलाच चालू असावीत, नवीन आवृत्तीची सूचना दाखवू नये, नव्या प्रकल्पाचा प्रक्षेप यूटीएमचा (पृथ्वीचे रेखांशांनुसार पट्टे पाडणाऱ्या पद्धतीचा) ४३ वा उत्तर विभाग असावा. (विदर्भातल्या कोणी हे उचलणार असेल तर जपून: ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला ४४ वा विभाग लागतो, म्हणजे नागपूरला हा आकडा चालणार नाही.) ती फाइल कुठे आहे ते आणखी एका व्हेरिएबलने सांगितलं, त्यामुळे प्रोग्राम बदलला तरी तिला धक्का लागत नाही. या फाइलचा स्वभाव प्लगइनच्या फोल्डराच्या अगदी उलट आहे. इथे विद्यार्थ्याची निवड वरचढ ठरते. त्याने स्वतः काही बदललं नसेल तरच विभागाचं मूल्य लागू होतं. मला हे फार आवडतं. नवख्या मुलाला पहिल्या दिवशी सगळं जागच्या जागी मिळतं आणि सरावलेल्याचा हात कोणी धरत नाही.

जे अजून मिटलेलं नाही

तिसऱ्या मालिकेतल्या सगळ्या आवृत्त्या एकच प्रोफाइल वापरतात. संशोधकांच्या मशीनवर ३.३४ टाकल्यावर तिथे सकाळी काम करून दुपारी ३.२८ वर बसणाऱ्या एका विद्यार्थ्याचं एक प्लगइन चालेना. डी ड्राइव्हवरच्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा घालून ते वेगळं करता येईल, पण मग त्याची मॉडेल आणि चिन्हं दोन ठिकाणी होतील. विभागाने सध्या पत्ता वेगळा केला आहे आणि मॉडेल प्रकल्पाच्या फाइलमध्येच जतन करायला सांगितलं आहे. तिसऱ्या मालिकेत ती सोय आहे.

पी ड्राइव्हवरची दोन प्लगइन कोणी बदलायची हेही तोंडी ठरलेलं होतं. आता तिथे एक साधी मजकुराची फाइल आहे: तारीख, प्लगइन, जुनी आणि नवी आवृत्ती, बदलणाऱ्याचं नाव. परीक्षेच्या आधीचा महिना बदल करायला बंदी आहे.

वर्ष संपलं की जाणारे विद्यार्थी आपली प्रोफाइल झिप करून घेऊन जातात. त्याआधी सहायक त्यांना डेटाबेसच्या जोडण्या आणि पासवर्डची फाइल काढून टाकायला सांगतात, आणि सर्व्हरवरची प्रत निकाल लागल्यावर पुसतात. घरच्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस टाकून त्या फोल्डराकडे बोट दाखवलं की दोन वर्षांत जमवलेली मॉडेल, रंगसंगती आणि प्लगइन जशीच्या तशी उघडतात. रेमोटिओर सेन्सस मात्र तिथे पुन्हा टाकावं लागतं, ते प्रोफाइलसोबत येत नाही.